वाळवंट आणि वाटाड्या

'वाळवंट' हा शब्द मराठी माणसाच्या कानाला मुळीच भयाण लागत नाही, ही गोष्ट आम्हांस नेहमीच मोठी अर्थपूर्ण वाटत आली आहे. शब्द मूळचा नदीकाठचा. उन्हाळ्यात पात्र आकसले म्हणजे पाण्याच्या कडेला जो मऊ वाळूचा पट्टा उघडा पडतो, तो वाळवंट. पंढरपूरच्या वाळवंटाचे नाव काढताच डोळ्यांपुढे दिंड्यापताकांची दाटी उभी राहते आणि कानांत टाळमृदंगाचा गजर घुमू लागतो. सहारा आणि गोबी यांची वर्णने भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांतून मुलांना शिकवावयाची वेळ आली, तेव्हा भीमेकाठचा हा ओलसर शब्दच त्या निर्जल प्रदेशांच्या अंगावर चढविण्यात आला. इतर भाषांनी एवढा लोभ दाखविलेला नाही. संस्कृतातील 'मरु' या शब्दाची व्युत्पत्ती 'मृ', म्हणजे मरणे, या धातूपासून सांगतात. इंग्रजीतील 'डेझर्ट' लॅटिनातून आला असून त्याचा मूळ अर्थ 'टाकून दिलेले' असा आहे. मरणाची जागा, टाकलेली जागा आणि नदीकाठची जागा, अशी एकाच वस्तूला ही तीन नावे. त्यांतले खरे कोणते, हा प्रश्न घरबसल्या कोश चाळून सुटण्यासारखा नाही. गेल्या हिवाळ्यात जैसलमेरहून थरच्या वाळवंटात एक दिवस आणि एक रात्र काढण्याचा योग आला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा एक मनुष्य आम्हांस भेटला. त्याचा व्युत्पत्तिशास्त्राशी काडीचाही संबंध नव्हता. पर्यटकांना वाळवंट दाखवून आणणे हा त्याचा धंदा.

जोधपूरहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या प्रवाशाला पहाटेच्या उन्हात जैसलमेरचा किल्ला प्रथम दिसतो, तेव्हा तो मनुष्यांनी बांधला असेल असे क्षणभर वाटत नाही. सुमारे अडीचशे फूट उंचीच्या त्रिकूट टेकडीचाच दगड वर वर चढत जाऊन त्याचे नव्व्याण्णव बुरूज झाले असावेत, असा भास होतो. सत्यजित राय यांनी आपल्या १९७४ सालच्या चित्रपटाला 'सोनार केल्ला' हे नाव दिले, ते अतिशयोक्तीचे नाही. रावळ जैसल याने ११५६ साली या नगराचा पाया घातला. सिंध, मुलतान आणि त्यापलीकडे अफगाणिस्तानाकडे जाणारे उंटांचे तांडे येथून जात, आणि त्यांच्या जकातीवर व सावकारीवर हे गाव श्रीमंत झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पटवा घराण्याने उभारलेल्या पाच हवेल्यांची नक्षी पाहिली, म्हणजे त्या श्रीमंतीची कल्पना येते. पुढे व्यापाराने समुद्राची वाट धरली, मुंबई बंदराची भरभराट झाली, आणि जैसलमेरच्या पेढ्या एकेक करून मिटल्या. मुंबईच्या वैभवाचे गोडवे गाणाऱ्या आम्हां मंडळींना हा हिशेब क्वचितच आठवतो. १९४७ साली सिंधकडचे मार्गही बंद झाले. आज गावाचा मोठा व्यापार म्हणजे पर्यटकांचा. किल्ल्यात मात्र काही हजार माणसे अजून नांदतात. गच्चीवर वाळत घातलेली धोतरे आणि जैन मंदिरांची शिखरे तेथे एकाच नजरेत येतात.

किल्ल्याच्या पायथ्याशी वाळवंट विकणाऱ्यांची दुकाने ओळीने आहेत. 'विकणे' हा शब्द आम्ही थट्टेने वापरीत नाही. अर्ध्या दिवसाचे वाळवंट, एका रात्रीचे वाळवंट, उंटावरचे, जीपमधले, भोजनासह आणि भोजनाविना, असे त्याचे नग पाडलेले असून प्रत्येकाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. आम्ही तिघे होतो. आम्ही स्वतः, सौभाग्यवती, आणि आमच्याच महाविद्यालयात तीस वर्षे भूगोल शिकविलेले आमचे एक स्नेही. या स्नेह्यांना गर्दीचा मनस्वी तिटकारा. त्यांनी एका वाटाड्याला बाजूस घेऊन स्पष्टच सांगितले, "हे पाहा, आम्हांला नाचगाणे नको, तंबू नकोत. जिथे काहीही नाही अशा जागी आम्हांला घेऊन चला."

वाटाड्या चाळिशी ओलांडलेला, कृश, बोलण्यात अत्यंत अदबशीर. त्याने थोडा विचार केला व म्हणाला, "साहेब, तशी जागा या जिल्ह्यात माझ्या तरी पाहण्यात नाही. पण जे आहे ते पाहुण्यांना दिसणार नाही, अशी व्यवस्था करता येते."

हे उत्तर आम्हांस इतके आवडले की, सौदा तेथेच ठरला. आम्ही शिक्षक आहोत हे कळताच त्याने आमचे नाव 'माडसाब' असे ठेवून दिले. त्या बाजूस शाळामास्तरांस असे म्हणतात. प्राध्यापकपदाची मिरवणूक अशा रीतीने पहिल्या अर्ध्या तासातच संपली. सौभाग्यवतींना तो 'माताजी' म्हणे. त्याच्या डोक्यावर साफा नव्हता. तो जीपमध्ये एका पिशवीत ठेवलेला असे आणि कोणी छायाचित्र काढू लागले की बाहेर येई.

गावाबाहेर पडण्यापूर्वी त्याने जीप गडीसर तलावापाशी थांबविली. चौदाव्या शतकात रावळ गडसी याने हा तलाव बांधून काढला आणि पुढील कित्येक शतके सारे नगर त्याचे पाणी प्याले. पर्यटक तेथील घुमट आणि छत्र्या पाहतात. वाटाड्याने मात्र पाण्याकडे पाठ करून पलीकडचे उजाड रान आम्हांस दाखविले. त्याला तिकडे 'आगोर' म्हणतात. पावसाचे पाणी ज्या उतारावरून वाहत तलावात येते ती ही जमीन. "तलाव म्हणजे नुसते भांडे, माडसाब," तो म्हणाला, "कमाई करणारा आगोर." जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. २६ जुलै २००५ या एका दिवसात मुंबईच्या सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणजे आमच्याकडे एका दिवसात पडलेले पाणी येथे चारपाच वर्षांना पुरवावयाचे असते. जेथे थेंबाला एवढी किंमत, तेथे ज्या जमिनीवर काही उगवत नाही तीसुद्धा रिकामी नसते. थेंब गोळा करणे हेच तिचे पीक.

पुढे बडा बाग लागला. तेथे जैसलमेरच्या राजांच्या स्मारकछत्र्या आहेत, आणि त्यांच्या मागे, कळसांच्या कितीतरी वर, पवनचक्क्यांची पांढरी पाती संथपणे फिरत असतात. या भागात २००१ सालापासून पवनचक्क्यांचा विस्तार होत गेला. त्यापुढे लोद्रवा. जैसलमेर वसण्यापूर्वीची भाटी राजांची राजधानी ती हीच. आज तेथे पार्श्वनाथाचे सुंदर मंदिर आणि काक नदीचे कोरडे पात्र एवढेच उरले आहे. याच नदीच्या काठी मूमल नावाची राजकन्या राहत असे आणि अमरकोटचा महेंद्र रात्रभर सांडणी पिटाळीत तिच्या भेटीस येई, अशी कथा राजस्थानात व सिंधमध्ये दोन्हीकडे गातात. अमरकोट आता सरहद्दीच्या पलीकडे आहे. कथा मात्र दोन्ही बाजूंस आहे तशीच आहे.

दुपारी आम्ही कुलधरास पोहोचलो. या ओस गावाची कीर्ती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. पालीवाल ब्राह्मणांची चौऱ्याऐंशी गावे होती. दिवाण सालिमसिंहाची वाईट नजर गावच्या एका मुलीवर पडली. तेव्हा सर्वांनी एका रात्रीत घरेदारे सोडली आणि येथे पुन्हा कोणी वसू शकणार नाही असा शाप देऊन ते निघून गेले. अशी ही आख्यायिका आहे. वाटाड्याने ती इतक्या रंगात येऊन सांगितली, आणि शेवटी आवाज असा काही खाली आणला, की शेजारच्या मंडळीतील दोन मुले आईला बिलगली. सालिमसिंहाचा जुलूम हा केवळ दंतकथेचा विषय नव्हे. कर्नल टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात त्याची कठोर शब्दांत नोंद केली आहे. पण गाव ओस पडण्याची कारणे अनेक असावीत असे अभ्यासक मानतात. कोणी पाणी आटल्याचे सांगतात, कोणी करभाराचे, आणि २०१७ साली काही भूवैज्ञानिकांनी भूकंपाचेही अनुमान मांडले आहे.

मुले निघून गेल्यावर वाटाड्याचा आवाज पूर्ववत झाला. "चला, आता काम पाहू," असे म्हणून तो आम्हांस पडक्या भिंतींपासून दूर, एका सखल शेताकडे घेऊन गेला. त्या बाजूच्या खडकाळ माळावर आम्ही सकाळपासून हिरवे असे फारसे पाहिलेले नव्हते. येथे तर हरभरा वीतभर वाढला होता आणि पलीकडे गहू डोलत होता. विहीर नाही, मोट नाही, पाट नाही. शेताच्या खालच्या अंगाला मातीचा एक लांब, बुटका बांध होता. यालाच 'खडीन' म्हणतात. विद्या पालीवालांची. आजूबाजूचा खडक पाणी पीत नाही, म्हणून पावसाचा प्रत्येक थेंब उताराने खाली धावतो. बांध त्याला अडवितो. शेताचे काही आठवडे तळे होते, जमीन पोटभर पाणी पिते, उरलेले सांडव्याने निघून जाते, आणि आश्विनात ओल धरलेल्या त्या गाळात रब्बीचे बी टाकले की पुढे एकही पाणी द्यावे लागत नाही. पालीवालांनी दिलेला शाप घरांना लागला असेल. बांधाला तो लागलेला दिसत नाही. दुसरे कोणी तरी दरवर्षी पावसापूर्वी बांधाची डागडुजी करतात आणि पीक घेतात.

आम्ही विचारले, "ही गोष्ट तू त्या मंडळींना का सांगितली नाहीस?"

तो हसला. "माडसाब, भुताची गोष्ट लोक विकत घेतात. बांधाची कोणी घेत नाही."

येथून पुढे आमच्या प्रवासाचा रंगच पालटला. आपल्या मालाला गिऱ्हाईक आहे असे दिसताच व्यापारी जसा आतल्या खोलीतील गाठोडी बाहेर काढू लागतो, तसे त्याचे झाले. पाणी तीन जातीचे, हे त्याने जीप हाकता हाकता समजावून दिले. आकाशातून पडले आणि तळ्यात वा टाक्यात साठले ते 'पालर'. खोल विहिरीत लागते ते 'पाताळ', आणि ते या भागात बहुधा खारे. या दोहोंमधले तिसरे 'रेजाणी'. काही ठिकाणी वाळूच्या खाली खडूसारख्या दगडाचा एक थर असतो. मुरलेले पाणी त्या थरावरून खाली जात नाही. वाळूच्या कणाकणांत ते ओल म्हणून अडकून राहते आणि खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ही ओल काढण्यासाठी जे अरुंद आड खणतात, त्यांना तिकडे बेरी किंवा कुई म्हणतात.

एका ढाणीजवळ त्याने अशी बेरी दाखविली. ढाणी म्हणजे पाचदहा घरांची वाडी. बेरीचे तोंड इतके लहान की, एक मनुष्य जेमतेम आत उतरावा. आमच्या भूगोलज्ञ स्नेह्यांनी त्याचे कारण लगेच ताडले. रुंद आडात झिरपलेले थोडेसे पाणी तळाशी पसरून जाईल व बादली बुडणार नाही. अरुंद आडात तेच पाणी वर चढते, आणि उन्हालाही त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. खणणाऱ्याच्या हालांची कथा वाटाड्याने सांगितली. पुरुषभर खोल गेल्यावर आत जीव गुदमरू लागतो. मग वरची माणसे मुठीमुठीने वाळू आत फेकतात, म्हणजे तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते. वाळू डोक्याला लागू नये म्हणून खणणारा डोक्यावर धातूचे भांडे पालथे घालतो. आमच्या स्नेह्यांनी वहीत आकृती काढून घेतली. तीस वर्षे वर्गात थरचे वाळवंट शिकवीत असताना त्यांच्या हाती असलेल्या नकाशात हा सारा प्रदेश एकाच पिवळ्या रंगाने भरलेला असे, असे ते म्हणाले.

त्या पिवळ्या रंगावर सरकारी दप्तरातही एक शब्द लिहिलेला असतो, आणि तो शब्द म्हणजे 'पडीक'. त्याचा अर्थ पुढच्या मुक्कामावर उलगडला. वाटेत एक विस्तीर्ण रान लागले. खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, विरळ झाडे, बोरीची जाळी, सेवण गवताचे झुबके, आणि मधूनच एखादे देवीचे ठाणे. वाटाड्याने पादत्राणे काढून नमस्कार केला. हे 'ओरण'. आपल्याकडील देवराईचेच हे वाळवंटी भावंड. देवीच्या नावाने सोडलेल्या या रानात गुरे चारावीत, पण झाडावर कुऱ्हाड चालवू नये, असा पिढ्यान्पिढ्यांचा दंडक आहे. महसुली कागदोपत्री मात्र अशी पुष्कळ रानेही पडीकच ठरली आहेत. कागदावर जे पडीक, ते कोणासही देण्यास मोकळे. पवनचक्क्या, सौरऊर्जेची पत्रे आणि त्यांना जोडणाऱ्या वीजवाहिन्या यांची पावले या रानांकडे वळली, तेव्हा गावकऱ्यांनी ओरणांची नोंद ओरण म्हणूनच व्हावी यासाठी चळवळ सुरू केली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील अशा देवरानांची मोजणी करून त्यांना वन म्हणून ओळखण्याचा आदेश दिला. निरक्षर धनगराला जे ठाऊक होते, ते कागदावर उतरविण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागली.

याच मोकळ्या गवताळ रानांत माळढोक राहतो. मीटरभर उंचीचा हा डौलदार पक्षी, वजनाने पंधरा किलोपर्यंत भरणारा. एके काळी तो आमच्या सोलापूरच्या माळांवरही दिसे आणि त्याच्यासाठी नान्नजला अभयारण्य झाले. आज तेथून तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. भारताचा राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा, असे डॉ. सलीम अली यांचे मत होते. १९६३ साली मान मिळाला तो मोराला. आता साऱ्या देशात मिळून त्याची संख्या दीडशेच्या आत असल्याचा अंदाज २०१८ च्या सुमारास देण्यात आला, आणि त्यांतील बहुतेक याच जिल्ह्याच्या आसपास आहेत. देह जड, समोरचे पाहण्याची दृष्टी अधू, आणि आकाशात जेथे हजारो वर्षे काहीच नव्हते तेथे एकाएकी तारा. त्या तारांवर आदळून माळढोक मरतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने शक्य तेथे तारा जमिनीखालून नेण्यास सांगितले. २०२४ साली तो आदेश शिथिल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविण्यात आला. सम गावी आता पिंजऱ्यात या पक्ष्यांची पैदास करण्याचा प्रयत्न चालू आहे.

आमचे स्नेही न्यायबुद्धीचे. ते म्हणाले, "पण वाऱ्याची वीज नको म्हटली तर कोळसा जाळावा लागेल. त्याचा धूर काय पक्ष्यांना सोडणार आहे?" आम्हांस त्याचे उत्तर सुचले नाही. वाटाड्याही पवनचक्कीच्या विरुद्ध नव्हता. त्याचा पुतण्या तेथेच पहारेकरी आहे. तो एवढेच म्हणाला, "चक्की उभी करायला आमची ना नाही. येण्यापूर्वी कोणी विचारले असते, तर कुठे उभी करावी ते सांगितले असते. त्यांना वाटले, इथे विचारायला कोणी नाही."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढे, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला माणसे अवघी सतरा. दिल्लीत वा मुंबईत बसून नकाशा पाहणाऱ्यास येथे कोणी नाही असे वाटावे, हे स्वाभाविक आहे. याच जिल्ह्यातील पोखरणच्या भूमीखाली १८ मे १९७४ रोजी आणि पुन्हा ११ व १३ मे १९९८ रोजी अणुस्फोटाच्या चाचण्या झाल्या. राष्ट्राच्या सामर्थ्याची ती वार्ता आपण सर्वांनी अभिमानाने वाचली. त्या जागेजवळच खेतोलाई नावाचे गाव आहे, हे मात्र थोड्यांच्याच लक्षात राहिले. एखाद्या भूमीस ओसाड म्हणणे हे तिचे वर्णन आहे असा आपला समज असतो. पुष्कळदा ती एखाद्या निर्णयाची पूर्वतयारी असते.

सायंकाळी आम्ही समच्या टेकड्यांपाशी आलो. जैसलमेरपासून हे ठिकाण सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. जाहिरातीतील वाळवंट ते हेच. वाऱ्याने वाळूवर काढलेल्या लाटा, मावळतीचा सूर्य, आणि त्या दोहोंच्या मध्ये शेकडो माणसे, उंटगाड्या व गुरगुरणाऱ्या जीपा. तंबूंच्या वसाहतीतून ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते चालू होती, आणि तीच गीते मांगणियार गवय्यांकडून म्हणवून घेण्यात येत होती. हे गवय्ये धर्माने मुसलमान. त्यांचे आश्रयदाते मुख्यतः राजपूत हिंदू. जन्म, लग्न, मृत्यू या प्रत्येक प्रसंगी यजमानाच्या दारी गाण्याचा त्यांचा वंशपरंपरेचा हक्क आहे, आणि यजमानांच्या वंशावळीही त्यांच्या कंठात असतात. कोमल कोठारी यांच्यासारख्या अभ्यासकाने आयुष्य वेचून ही विद्या जगापुढे मांडली. कमायचा या त्यांच्या वाद्याचा खर्जातला स्वर ऐकावा तो रात्री, शांत जागी. तेथे तो त्या कोलाहलात कोठल्या कोठे बुडून गेला होता.

आमच्या वाटाड्याने जीप पुढे काढली आणि दिवस पार मावळण्याच्या आत आम्हांस एका वाळूच्या टेकडीआड आणून सोडले. चहूकडे वाळूखेरीज काहीही दिसत नव्हते. आमचे स्नेही प्रसन्न झाले. "हेच मी म्हणत होतो!" ते उद्गारले. वाटाड्याने नम्रपणे मान लवविली. थोड्या वेळाने टेकडीच्या मागून एका मुलाला हाक मारल्याचा, आणि त्यापाठोपाठ बकऱ्यांचा आवाज आला. वाटाड्याची स्वतःची ढाणी टेकडीच्या पलीकडे दोनशे पावलांवर होती. घर दिसले की पाहुणे नाराज होतात, म्हणून तंबू अलीकडे ठोकावयाचा, ही ती सकाळी सांगितलेली व्यवस्था. सौभाग्यवतींना हे कळताच त्या उठल्या आणि टेकडी ओलांडून सरळ त्याच्या घरी गेल्या. नाइलाजाने आम्ही व आमचे स्नेही मागोमाग निघालो. अशा रीतीने काहीही नसलेल्या जागेचा आमचा उपभोग जेमतेम पाऊण तास टिकला.

बाजरीचे रोट, केर आणि सांगरीची भाजी, ताक, असे भोजन झाले. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. दुष्काळात त्यांच्यावरही माणसे जगली आहेत. जेवणानंतर घरच्या मुलीने भांडी कोरड्या वाळूने घासली, फडक्याने पुसली आणि पालथी घातली. ती आरशासारखी लखलखत होती. "आमच्याकडे यालाच दोन बादल्या पाणी गेले असते," सौभाग्यवती म्हणाल्या. त्यावर वाटाड्याची वृद्ध आई बोलली ते त्याने आम्हांस समजावून सांगितले. "पाणी माणसाच्या पोटासाठी. भांड्याला वाळू पुरते."

रात्री अंगणात बाजा टाकून आम्ही बसलो. असे तारे आम्ही आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले आहेत. क्षितिजावर मात्र पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम पेटत व एकदम विझत होते. वाटाड्याच्या वडिलांजवळ उंटांचा मोठा कळप होता. त्याच्याजवळ दोन उंट आहेत, तेही पर्यटकांसाठी. देशातील उंटांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे चार लाख होती, ती २०१९ साली अडीच लाखांवर आली. राजस्थानने उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ साली त्याच्या कत्तलीस बंदी करणारा व त्याला परराज्यांत नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. पण मान मिळाला तरी काम गेले होते, आणि काम नसलेले जनावर पाळणे गरिबास परवडत नाही. वाटाड्याचा मुलगा जोधपूरला हॉटेलचा धंदा शिकतो. "तो चांगला वाटाड्या होईल," बाप म्हणाला, "इंग्रजी येते. भुताची गोष्ट माझ्याहून रंगवून सांगतो." आम्ही विचारले, त्याला बेरी कुठे खणावी ते कळते काय? तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "शिकवायला हवे. पण विचारतो कोण?"

पाणी आता नळाने येते, हे खरेच आहे. १९८० च्या दशकात इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पंजाबातील हरिकेहून सहाशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून या जिल्ह्यापर्यंत आले. ज्या बायकांच्या डोक्यावरची घागर त्यामुळे उतरली, त्यांना जुन्या विद्येचे माहात्म्य सांगण्याचा अधिकार पुण्यामुंबईच्या माणसाला नाही. पण मुबलक पाण्याचेही एक शास्त्र असते, आणि ते न शिकता पाणी आले म्हणजे काय होते याचे उदाहरण जैसलमेरच्या किल्ल्यातच आहे. घागरीने पाणी वापरणाऱ्यांसाठी बांधलेल्या त्या किल्ल्यात नळ आले, न्हाणीघरे आली, पर्यटकांसाठी खानावळी झाल्या, आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरू लागले. पायाखालची माती भिजली, आणि १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले. २०१३ साली युनेस्कोने राजस्थानातील ज्या सहा डोंगरी किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हाही आहे. शत्रूचे वेढे सोसलेल्या किल्ल्याला पाण्याने खचवावे, आणि तेही वाळवंटात, याहून विचित्र गोष्ट ती कोणती!

तेव्हा आरंभी मांडलेल्या तीन नावांपैकी खरे कोणते? मरण तेथे आहे. अवर्षणाची वर्षे आणि सुटलेले कळप पाहिलेल्या त्या वृद्ध बाईसमोर ते नाकारण्याची आमची छाती नाही. पण ज्या भूमीत खडीन, बेरी आणि ओरण आहे तिला टाकलेली म्हणता येत नाही. कुलधरा ओस पडले तरी त्याचे शेत पिकते आहे. ती विद्या कोणी विचारीनासे होईल, त्या दिवशी मात्र ती भूमी खरोखर टाकली जाईल, मग तेथे कितीही दिवे लुकलुकोत आणि नळ वाहोत. आमच्या भाषेने थरला नदीकाठचा शब्द दिला, तो बहुधा गरजेपोटी. पण जेथे एवढ्याशा पाण्याचा एवढा विचार झाला आहे, तेथे तो शब्द परका वाटत नाही.

जैसलमेरला जाणाऱ्या वाचकांस आमची एकच विनंती आहे. सूर्यास्त अवश्य पाहावा. तो सुंदर असतो. पण वाटाड्याला सूर्यास्ताची वेळ विचारण्यापूर्वी जवळपास खडीन कोठे आहे, ते विचारावे. तो दाखवील. फळ्यावर त्याचा भाव लिहिलेला नाही.